आबांच्या कागदावर "३/५ एम.एल.आय." लिहिलंय, ही नक्की कुठली पलटण?

पाटणचा_पाऊस

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. आमचे आबा (वडिलांचे वडील) दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते, १९४६ ला नाव कमी करून घरी आले, मग शेतीच केली आणि ८९ साली गेले. मी तेव्हा लहान होतो त्यामुळे विचारायचं राहूनच गेलं, आणि ते स्वतःहून बोलणारे नव्हतेच. परवा घराचं छप्पर उतरवताना एक पत्र्याची पेटी सापडली, त्यात एक घडी पडून फाटायला आलेला कागद, त्यावर टाइप केलंय "३/५ एम.एल.आय.", खाली एका जागी "एम.ई.एफ." आणि पुढे "सी.एम.एफ.", बाकी वाळवीनं खाल्लंय. मेडल नाहीत, ती म्हणे दुष्काळात मोडीत गेली, पण दोन फिती आहेत. एक वाळूच्या रंगाची, मधे लाल पट्टा आणि बाजूला दोन निळ्या रेघा, दुसरी लाल पांढरी हिरवी.

मी आपला नेटवर ३ मराठा शोधत बसलो तर १ मराठा सापडते, २ सापडते, ४ ५ ६ सगळ्या सापडतात, आणि ३ नंबर गायब. आणि तो भागिले ५ कशाला? तिसरी का पाचवी? बटालियन, रेजिमेंट, ब्रिगेड हे सगळं मला एकाच गोष्टीची नावं वाटतात, हसू नका. चुलते म्हणतात आबा "तोफांच्या पलटणीत" होते कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू यायचं. वडील म्हणतात छे, पायदळात होते, रायफल घेऊन. घरात यावरून वाद आहे.

अजून एक, कामाचं नसेल पण सांगतो. शेताकडं जाताना एक उभा चढ आहे, तिथं आबा दर वेळी दम खायला थांबायचे आणि म्हणायचे "हा काय चढ, डोलगुरूचा चढ बघितला असता तर..." आम्हाला वाटायचं कोणीतरी महाराज असतील, डोलगुरू, डोंगरावर मठ वगैरे. एवढीच माहिती.

बेळगावी_कुंदा

पाऊसभाऊ, हसायचं काय त्यात, हा घोळ भल्याभल्यांचा होतो. आणि वडील बरोबर आहेत, चुलते चूक, पायदळच.

३/५ हा अपूर्णांक नाही, "पाचव्या रेजिमेंटची तिसरी बटालियन" असं वाचायचं. १९२२ साली इंग्रजांनी सगळ्या हिंदी फौजेची फेरमांडणी केली तेव्हा जुन्या सुट्या सुट्या पलटणी एकत्र करून मोठ्या रेजिमेंट केल्या आणि त्यांना नंबर दिले. मराठ्यांच्या रेजिमेंटला ५ नंबर आला, ५वी मराठा लाइट इन्फंट्री. मग जुनी १०३ झाली १/५, १०५ झाली २/५ आणि ११० नंबरची झाली ३/५. तुमच्या आबांची ती ११०. ही पलटण मूळ १७९७ ची, आणि पहिल्या महायुद्धात कूटला (आताच्या इराकमधे) वेढ्यात अडकली होती, सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर (डिव्हिजन म्हणजे काही ब्रिगेड मिळून मोठी फौज), एप्रिल १९१६ ला तिथं शरणागती झाली आणि माणसं तुर्कांच्या कैदेत गेली. आपल्याकडं गावोगाव म्हातारी माणसं "बसऱ्याची लढाई" म्हणायची ती हीच मोहीम.

आता बटालियन म्हणजे काय, तर साधारण आठशे माणसं, चार रायफल कंपन्या आणि त्यांच्या मदतीच्या कंपन्या, वर एक कर्नल. ही खरी लढणारी एकक. रेजिमेंट हे पायदळात कुळासारखं समजा, आडनाव. घर वेगवेगळं, कुलदैवत एक. मराठा रेजिमेंटच्या सगळ्या बटालियन एका मैदानात कधीच एकत्र लढत नाहीत, एक काश्मिरात असेल, एक पूर्वेला असेल, एक कुठं शांततेच्या ठाण्यात. त्यांचं माहेर मात्र एकच, बेळगावचं सेंटर, रंगरूट तिथं घडतो आणि मग त्याला पलटण मिळते. लढाईत बटालियन जाते ती ब्रिगेडमधे, म्हणजे तीनेक बटालियनच्या गटात, आणि तिथं शेजारी शीख असतील, गुरखा असतील, त्या काळी तर गोरी पलटण पण असायची.

आपण "पलटण" म्हणतो ते बटालियनला. गंमत म्हणजे शब्द आला प्लॅटूनवरून, आणि प्लॅटून म्हणजे जेमतेम तीसेक माणसं. आपल्याकडं येऊन शब्द फुगला :)

आणि ३ मराठा सापडत नाही कारण ती आता मराठ्यांत नाहीच. महायुद्ध संपल्यावर तिला छत्रीवाली पलटण केली, १९४७-४८ ला ती ३ पॅरा मराठा म्हणून काश्मिरात झांगरला लढली, ब्रिगेडियर उस्मानांच्या ५० पॅरा ब्रिगेडमधे, आणि १९५२ ला तिचं नाव झालं २ पॅरा. तो नंबर मराठ्यांनी परत कुणाला दिला नाही. म्हणजे तुम्ही शोधत होता चुकीच्या घरी, पोरगी लग्न होऊन गेलेली.

एम.ई.एफ. म्हणजे मिडल ईस्ट फोर्स आणि सी.एम.एफ. म्हणजे सेंट्रल मेडिटरेनियन फोर्स, सोप्या भाषेत आधी आफ्रिका-अरबस्तान आणि मग इटली. फिती पण तेच सांगतायत, वाळूच्या रंगाची ती आफ्रिका स्टारची, लाल पांढरी हिरवी इटली स्टारची, इटलीच्या झेंड्याचेच रंग.

सह्याद्रीचा_कडा

एक शंका, कागदावर जुन्या स्पेलिंगात मराठाच्या आधी "मह" असेल तर ती महार रेजिमेंट पण असू शकते ना? आमच्या ओळखीत एकांचा असा गोंधळ झालाय.

बेळगावी_कुंदा

नाही, तेव्हा इंग्रज मराठाचंच स्पेलिंग ह घालून करायचे, महरट्टा असं. महार रेजिमेंट वेगळी, १ ऑक्टोबर १९४१ ला उभी राहिली, ती पण बेळगावलाच बरं का, आणि आता त्यांचं सेंटर मध्य प्रदेशात सागरला आहे. पण तिच्यापुढं ५ नंबर येणार नाही.

देवळालीकर

चुलत्यांची बाजू घ्यायला मी आलो, कारण मी स्वतः गनर, नोकरीची बरीच वर्षं तोफांच्या आवाजात गेली आणि माझा पण डावा कान कामातून गेलाय. तर कानावरून तोफखाना ओळखायचा हे अगदीच चूक नाही हाहा. पण आबा गनर असायची शक्यता कमी का, ते सांगतो, आणि याचं कारण लोकांना माहीतच नसतं.

१८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी माणसाच्या हातून तोफ काढून घेतली. बंडात तोफा आपल्या हातात होत्या त्याचा धसका. फक्त डोंगरी तोफखाना ठेवला, खेचरांवर लादायच्या लहान तोफा, तेवढाच. आम्ही गनर्स डे २८ सप्टेंबरला करतो तो त्यातल्याच एका बॅटरीचा वाढदिवस, ५ बॉम्बे माउंटन बॅटरी, १८२७ ची, म्हणजे आपल्या मुंबई इलाख्याचीच. मोठ्या मैदानी तोफा हिंदी जवानाला परत मिळाल्या त्या थेट १९३५ ला, बंगळूरला पहिली तुकडी उभी राहिली तेव्हा. त्यामुळं आफ्रिकेत किंवा इटलीत मराठा पलटणीच्या मागं ज्या तोफा धडधडत होत्या त्यांवर बहुतेक गोरेच गनर होते. पुढं आपला गडी संगीन लावून, मागं इंग्रज गोळा भरतोय, असं ते चित्र.

आता पाऊसभाऊंच्या गोंधळात अजून भर घालतो :) आमच्याकडं बटालियन हा शब्दच नाही. पायदळात जी बटालियन तीच आमच्याकडं रेजिमेंट. म्हणजे "मराठा रेजिमेंट" म्हटलं की वीसेक बटालियनचं कूळ आणि "अमुक फील्ड रेजिमेंट" म्हटलं की एक युनिट, एक कर्नल, तीन बॅटऱ्या, बॅटरीला सहा तोफा, झाल्या अठरा. महायुद्धात आठाची बॅटरी होती, चोवीस तोफा. तेव्हाची लाडकी तोफ पंचवीस पौंडी, नाव गोळ्याच्या वजनावरून, अकरा-साडेअकरा किलोचा गोळा आणि पल्ला बारा किलोमीटरच्या आसपास.

आणि तळाचं म्हणाल तर पायदळ आणि तोफखाना यांचा संसारच वेगळा. पायदळाची पलटण डोंगराला चिकटलेली, तोफा मागं सपाटीवर किंवा दरीत, गोळ्यांचे ट्रक त्याच्या मागं. तोफेवरच्या माणसाला शत्रू दिसतच नाही हो! अख्खी लढाई लढतो आणि एक शत्रू बघत नाही. त्याचे डोळे म्हणजे ओपी, आमचा एक अधिकारी रेडिओवाला सोबत घेऊन पायदळाच्या कंपनीबरोबर पुढं चढतो, त्यांच्याबरोबर खातो, त्यांच्याबरोबर मरतो, आणि तिथून सांगतो, पहिला गोळा कुठं पडला, उजवीकडं शंभर, पुढं दोनशे, आता मागं शंभर, असं करत गोळा ठिकाणावर आणायचा आणि मग म्हणायचं सगळ्या तोफांनी टाका. बॅटरी कमांडर बसतो पायदळाच्या सीओच्या, म्हणजे पलटणीच्या कर्नलच्या, मांडीला मांडी लावून. ही जोडी जमली नाही तर गोळे आपल्याच माणसांवर पडतात, आणि असं झालेलं आहे, जगातल्या प्रत्येक फौजेत झालेलं आहे, उगाच नाकारण्यात अर्थ नाही.

देवळालीला आमच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत हेच शिकवतात, तोफ चालवणं सोपं, बघणं अवघड. नाशिकमधे राहणाऱ्यांना फायरिंगच्या दिवशी खिडक्या हादरायची सवय असते, बाहेरच्या पाहुण्याला वाटतं भूकंप आला.

दुर्बीण

थांबा थांबा थांबा. कोणी तो डोलगुरू नीट वाचला का??

पाऊस, तो महाराज नाही रे. फोर्ट डोलोगोरोडॉक! ईशान्य आफ्रिकेत एरिट्रियातला किल्ला, केरनच्या लढाईतला, मार्च १९४१. आणि तिथं ३/५ मराठाच होती. मला वाचताना अंगावर काटा आला खरंच.

सांगतो. एरिट्रिया तेव्हा इटलीच्या ताब्यात, सुदानकडून आपल्या ४ आणि ५ नंबरच्या हिंदी डिव्हिजन आत घुसल्या आणि केरनपाशी अडकल्या. रस्ता आणि रेल्वे एका अरुंद खिंडीतून जाते, दोन्ही बाजूंना उभे खडकाळ डोंगर, डोंगरावर इटालियन, आणि त्यांनी कडे सुरुंगानं फोडून खिंडीतला रस्ता बुजवलेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीपासून धडका चालू होत्या, वर जायचं, थोडी जागा धरायची, परत ढकलले जायचं. पाणी, गोळ्या, खाणं सगळं पाठीवरून वर न्यायचं, कारण वरून सगळं दिसतं आणि बारीकसारीक हातबाँब नुसते खाली सोडले तरी काम होतं. रस्त्याच्या पूर्वेला हा किल्ला, आणि किल्ल्याला जायच्या वाटेवर दोन टेंगळं, एक पिंपल आणि एक पिनॅकल अशी नावं दिलेली.

१५ मार्चच्या रात्री पिनॅकल घ्यायचं काम ३/५ मराठाला मिळालं, सीओ होते लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड. अंधारात तो चढ चढून त्यांनी ते घेतलं, शेजारचं पिंपल फ्रंटियर फोर्सच्या पलटणीनं घेतलं, आणि १६ च्या पहाटे वेस्ट यॉर्कशायरची गोरी पलटण तिथून पुढं जाऊन किल्ल्यात शिरली. एका ब्रिगेडमधे तीन पलटणी, तीन ठिकाणची माणसं, कुंदा म्हणाले तसंच. नंतर इटालियनांनी तो किल्ला परत घ्यायला उलट हल्ल्यांवर हल्ले केले पण मिळाला नाही, आणि २७ मार्चला केरन पडलं. पाच दिवसांत अस्मारा.

आणि देवळालीकर, तुमच्या ओपीचा मुद्दा इथं चपखल बसतो, तो किल्ला एवढा हवा होता तो तिथं राहायला नव्हे, तिथून पलीकडचं सगळं दिसत होतं म्हणून. तोपर्यंत तोफा आंधळ्या होत्या, डोंगराच्या पाठीमागं बसलेल्या माणसावर सपाट जाणारा गोळा पडतच नाही. किल्ला मिळाला आणि डोळे मिळाले.

आबा दम खायला थांबायचे म्हणालास ना, तो चढ त्यांनी रात्री, दारूगोळा पाठीवर घेऊन, वरून मशीनगन चालू असताना चढलाय.

खडूस_पुणेकर

सगळं छान, पण आबा त्या रात्री चढलेच होते हे आपण धरून चालतोय. मागच्या फळीत खेचरं सांभाळत असतील, स्वयंपाक्यात असतील, किंवा नंतर भरती होऊन पलटणीत नुसतं ऐकलं असेल. नाव माहीत असणं आणि तिथं असणं यात फरक आहे. राग मानू नये.

आणि एक, पायदळवाले नेहमी आम्ही घेतलं आम्ही घेतलं करतात. तोफांनी आधी डोंगर भाजून काढलेला असतो, हे वर जाऊन झेंडा लावतात.

दुर्बीण

पहिला मुद्दा मान्य, कागद मिळेपर्यंत पक्कं नाही. पण "बघितला असता तर" असं म्हणणारा माणूस बघून आलाय असं माझं मत.

देवळालीकर

दुसऱ्या मुद्द्यावर मी गनर असून पुणेकरांच्या विरुद्ध. तोफ डोंगर घेऊन देत नाही. गोळाबारी चालू असेपर्यंत शत्रू बिळात डोकं घालून बसतो, ती थांबली की तो परत मशीनगनवर येतो, आणि मधे जी मिनिटं मिळतात तेवढ्यात पायदळानं अंगावर जायचं असतं. मिनिटं आमची, जीव त्यांचा. कारगिलच्या लढाईत तोलोलिंगला १९९९ ला काय झालं, सुरुवातीला पुरेशा तोफांशिवाय चढायला लावलं तर नुसती माणसं पडली, मग बोफोर्स आणल्या, समोरचं दिसतंय त्यावर नळी रोखून थेट मारा केला, आणि १३ जूनला २ राजपुताना रायफल्सनं ते घेतलं. उलट बाजूनं, एवढा दारूगोळा ओतूनही शेवटी खंदकात उतरून हातघाई करावीच लागली. द्रासमधलं ५१४० शिखर, ते १३ जॅक रायफल्सनं घेतलेलं, त्याला २०२२ ला गन हिल नाव दिलं. आमच्या लोकांना लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

बेळगावी_कुंदा

पाऊसभाऊंच्या दुसऱ्या फितीबद्दल राहिलं होतं. ३/५ नंतर १० नंबरच्या हिंदी डिव्हिजनमधून १९४४ ला इटलीत गेली. आणि योगायोग बघा, त्या डिव्हिजनचा जनरल कोण, तर तोच डेनिस रीड. मधे १९४२ ला तो वाळवंटात पकडला गेला, इटलीत कैदेत होता, तिथून पळाला, आणि परत येऊन जिथं कैदी होता त्याच देशात डिव्हिजन घेऊन उतरला. त्याची जुनी पलटण त्याच्याच हाताखाली.

१० जुलै १९४४, तिबर नदीचं वरचं खोरं. तिथं ३/५ च्या नाईक यशवंत घाडगे यांचा सेक्शन, म्हणजे दहाएक जणांची तुकडी, मशीनगनच्या तोंडी सापडला, त्यांच्याशिवाय सगळे पडले, कुणी मेले कुणी जखमी. घाडगे एकटे धावले, हातबाँबनं गन बंद पाडली, एकाला टॉमीगननं मारलं, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं उरलेले दोघं. मग लपलेल्या निशाणबाजांनी त्यांना टिपलं. बावीस वर्षांचे. रायगड जिल्ह्यातले, माणगावला त्यांचा पुतळा आहे, मुंबई-गोवा रस्त्यानं जाताना चहाला थांबता तिथंच, पुढच्या वेळी बघून या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. (१/५ चे नामदेव जाधव यांनाही मिळाला, एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर, ते नगरचे आणि जिवंत परतले.)

तुमचे आबा त्याच पलटणीत इटलीत होते हे फितीवरून आणि सी.एम.एफ. वरून दिसतंच आहे.

आणि या पलटणीचा मला सगळ्यात आवडणारा प्रसंग १९७१ चा. ११ डिसेंबरला दुपारनंतर टांगाईलला (आताच्या बांगलादेशात) विमानांतून छत्र्या उतरल्या, ती २ पॅरा, म्हणजे आपली जुनी ३/५. बरोबर तोफखान्याची ४९ पॅरा फील्ड बॅटरी पण आकाशातून खाली, देवळालीकर कॉलर टाइट करा. त्यांनी लोहाजंग नदीवरचा पूंगलीचा पूल धरला आणि उत्तरेकडून ढाक्याला पळणारी पाकिस्तानी ब्रिगेड अडवली. ती पळत होती कारण जमालपूर पडलेलं, आणि तिथं रस्ता अडवून कोण बसलं होतं, तर १ मराठा, कर्नल ब्रार यांची. तिथला तो किस्सा तर प्रसिद्धच आहे, आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली आणि बलूच पलटणीच्या सीओनं उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मग १२ तारखेला १ मराठा उत्तरेकडून येऊन पूंगलीच्या पुलावर २ पॅराला मिळाली. म्हणजे १/५ आणि ३/५, दोन भाऊ, एकाचं नाव बदललेलं, बंगालात एका पुलावर भेटले. १६ डिसेंबरला ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत हीच २ पॅरा होती.

आता कामाचं. आबा ४६ ला सुटले तेव्हा पलटण मराठ्यांतच होती, त्यामुळं बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, नंबर असेल तर सोन्याहून पिवळं, नसेल तर पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, तालुका. अर्ज साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घातला तर बरं, त्यांना रीत माहीत असते. पलटणीच्या युद्ध डायऱ्या लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्ह्जमधे असतात, त्यात जवानाचं नाव क्वचितच येतं पण कुठल्या दिवशी कुठल्या टेकडीवर होते ते तारखेनिशी असतं.

खडूस_पुणेकर

कुंदा, बाकी ठीक, पण पोरगी लग्न होऊन गेलेली ही उपमा छत्रीवाल्यांना कळवू का?

पाटणचा_पाऊस

काय बोलू, काल रात्री हा सगळा धागा वडिलांना आणि काकांना बसवून वाचून दाखवला. डोलोगोरोडॉक वाचल्यावर वडील उठून बाहेर ओट्यावर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आल्यावर एवढंच म्हणाले, "तरी मी म्हणायचो गुरूबिरू काही नसणार, आबा कधी वारीला गेले नाहीत."

काका अजून तोफेवर ठाम आहेत, म्हणतात मग कान कसा गेला. मी म्हटलं काका, तोफेच्या मागं उभं राहून कान जातो तसा पुढं उभं राहूनही जात असेल की. देवळालीकर, हे बरोबर आहे ना? नाहीतर आमच्यात परत भांडण.

पुणेकर, राग अजिबात नाही, तुमचं पण खरं आहे. कागद परत उजेडात धरून बघितला, वाळवीनं खाल्लेल्या जागेच्या वर एक आकडा अर्धा दिसतोय, पाच अंकी वाटतो, शेवटचे दोन ७ आणि २ असावेत. तेवढं घेऊन सोमवारी साताऱ्याला जातो. आणि आईनं आता नवीनच काढलंय, तिच्या माहेरी पणजोबांच्या फोटोखाली "बसरा" लिहिलंय म्हणे. तो फोटो मिळाला की वेगळा धागा काढतो.

देवळालीकर

बरोबर आहे, काकांना सांगा गनरनं सांगितलंय.